पेटाऱ्याचा पत्ता

मोहन,

तुझ्या शोकसभेत मी तुझ्यावर संशय घेत बसलो होतो, हे आधीच सांगून टाकतो. बाकीचे डोळे पुसत होते, आणि मी तिसऱ्या रांगेत, सदऱ्याच्या खिशातल्या पेनड्राइव्हवर हात ठेवून, तू मला फसवलंस की काय याचा विचार करत होतो.

सभा शाळेच्या हॉलमध्ये झाली. तुला आवडली नसती. तुझा फोटो मोठा करून लावला होता, पण तो कुठल्याशा लग्नातल्या ग्रुपमधून कापलेला होता, त्यामुळे तुझ्या खांद्यावर कुणाचा तरी हात तसाच राहून गेला होता. सभा भरवणाऱ्या सांस्कृतिक प्रतिष्ठानचे अध्यक्ष पाऊण तास बोलले. त्यात तुझं नाव दोन वेळा मनोहर झालं. त्यांनी तुला ‘सागरतटीचे ज्ञानतपस्वी’ म्हटलं तेव्हा सुमन वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. टेलिफोनच्या खांबावर चढून चढून ज्याच्या पोटऱ्यांना घट्टे पडले त्या माणसाबद्दल हे चाललंय, हे त्यांना कळायला वेळ लागला असावा. मग अध्यक्ष म्हणाले, “मोहनरावांनी अकरा वर्षं जमवलेला आवाजांचा हा अमोल ठेवा प्रतिष्ठानच्या स्वाधीन करायचं मनोमन ठरवलं होतं.” आणि टाळ्या पडल्या. शोकसभेत.

‘मनोमन’ या शब्दावर माझा जीव अडकला. अध्यक्षांना तुझ्या मनातलं कधीपासून कळायला लागलं? आणि कळत असेल, तर मला का कळत नव्हतं?

कारण आदल्याच दिवशी मी पेनड्राइव्ह उघडला होता. तू मुंबईच्या हॉस्पिटलात निघालास त्या सकाळचा तो पेनड्राइव्ह. गाडी फाटकात उभी होती, वहिनी थर्मास शोधत होत्या. तू कुंपणापाशी आलास, दोन फोफळींच्या मधून हात बाहेर काढलास आणि तो माझ्या तळहातावर ठेवलास. “सगळं यात आहे,” म्हणालास, “सांभाळ.” मी म्हणालो, “तपासून बघतो.” हे आपलं शेवटचं बोलणं. माणसं अशा वेळी काय काय बोलतात म्हणे. मी आलेल्या टपालाची पोच द्यावी तसं बोललो. तू हसलास, किंवा दुखलं म्हणून तोंड वाकडं केलंस. त्याचाही मला अजून निकाल लावता आलेला नाही.

आणि मी तपासलंही नाही. तू परत आलास की तुझ्यासमोर उघडू, म्हणजे चूक निघाली तर तिथल्या तिथे दाखवता येईल, असं मनात होतं. तेरावं झाल्यावर उघडला. आत एकशे चार फायली होत्या. असायला हव्या होत्या एकशे सहा. बारा आणि एकोणतीस या नंबरांच्या नव्हत्याच. एकेचाळीसवर टिचकी मारली, कारण एकेचाळीस म्हणजे माझी आई. वाजेना. दुसरी लावली, तीही वाजेना. प्रत्येकीचं वजन पाहिलं. एक हजार सदुसष्ट बाइट. पहिली एक हजार सदुसष्ट, शेवटचीही एक हजार सदुसष्ट. मिठागरातल्या बाया, होडीवाले, पालीचा तो तोतरा सोनार, तासभर बोललेली आणि चार मिनिटांत उठून गेलेली, सगळी माणसं एकाच मापाची. इतकी समता मी उभ्या आयुष्यात कुठे पाहिलेली नाही. आणि जिथे सगळं सारखं दिसतं तिथे काहीतरी लपवलेलं असतं, हे मी ग्रंथालयाच्या नोकरीत शिकलो.

मग एक फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली. वर एक इंग्रजी अक्षरांचा शिक्का, खाली चार आकडे, त्याखाली अक्षरं नि आकड्यांचा काला, आणि शेवटी तिरक्या रेघांनी तोडलेला एक पत्ता: व्हॉल्यूम्स, पेटारा, आवाज, ०४१. पुढे नुसती कोरी जागा. एकशे चार फायलींत हेच, शेवटचा नंबर तेवढा वेगळा.

पेटारा कुणाचा? तुझ्या घरी पेटारा नावाचं यंत्र नव्हतं. तुझ्या संगणकाचं नाव अंगण. माझ्याकडे तर नव्हतंच. म्हणजे तिसऱ्या कुणाकडे तरी होतं. आणि तुझ्या शेवटच्या पावसाळ्यात तू प्रतिष्ठानच्या कार्यालयात संगणक बसवून दिलास, हे मला ठाऊक होतं. उरलेलं मी स्वतःच रचलं.

रागावू नकोस. संशय ही आपल्या मैत्रीची रीतच होती. मी नागावात जागा घेऊन स्लॅबचं घर बांधलं तेव्हा तू कुंपणाशी उभा राहून पहिलं वाक्य बोललास ते असं: “हे घर आहे की पाण्याची टाकी?” तुझं घर मंगलोरी कौलांचं, वाडीत, सावलीत. माझं स्लॅबचं, उन्हात तापणारं. या विषयावर आपण वीस वर्षं भांडलो आणि तो भांडणाचा विषय तू तसाच टाकून गेलास. तू म्हणायचास, कौलाखाली माणूस झोपतो, स्लॅबखाली भाजतो. मी म्हणायचो, दर पावसाळ्यात कौलं शाकारायला माणूस शोधत फिरणाऱ्याने सावलीचं कौतुक सांगू नये.

आवाज जमवायची कल्पना तुझी. माझी आई खारेपाटातली, पेणच्या बाजूच्या मिठागरात तिची कंबर गेली. ती बोलायला लागली की तू खुर्ची जवळ ओढायचास. एकदा तिने भरतीच्या पाण्याला सहा वेगवेगळी नावं घेतली, आणि तू माझ्याकडे वळून विचारलंस, यातली तुला किती येतात? मला दोन येत होती. तुला ते लागलं. मला नव्हतं लागलं, माझी तर आईच होती. पुढच्या आठवड्यात तू एक रेकॉर्डर घेऊन आलास. मग तुझ्या स्कूटरवरून आपण म्हसळ्यापर्यंत फिरलो. प्रश्न तू विचारायचास, वहीत मी लिहायचो. तुझा आवाज प्रत्येक फायलीत आहे. होता, असं म्हणायची मी तयारी करत होतो.

तार तूच टाकलीस. लाइनमनची सवय, दोन घरांत साठ पावलांचं अंतर असताना तुला ते तारेवाचून पाहवेना. माडांच्या बुंध्यांवरून, प्रत्येक बुंध्याला तुझी ती विशिष्ट गाठ मारून, तार माझ्या खिडकीत आणलीस. तुझ्याकडे लिनक्स, माझ्याकडे विंडोज. तू म्हणालास, आता तुझं नि माझं एकच कपाट.

एकच कपाट म्हणे. पहिल्याच आठवड्यात मला त्यात विचित्र नावं दिसायला लागली. धड शब्द नाहीत, मध्येच एक नागमोडी रेघ, पुढे तुटकी अक्षरं. मला वाटलं, तू सांकेतिक नावं देतोयस, मला कळू नये म्हणून. तसं बोलूनही दाखवलं. दोन दिवस तू ती नावं एकेक करून ताडून पाहिलीस. मग कळलं, तू प्रत्येक फायलीच्या नावात रेकॉर्डिंगची वेळ घालत होतास, साडेदहा म्हणजे दहा, दोन टिंबं, तीस. तुझ्या लिनक्सला ती दोन टिंबं चालत होती, माझ्या विंडोजला नावात ती खपत नाहीत, म्हणून ते आपल्या मनाने नावाचं बारसं करत होतं. तू टिंबं काढून टाकलीस. माफी मी मागितली नाही, तूही वाट पाहिली नाहीस.

मग तुझ्या त्या लिंका. त्यांच्यावरून आपण जेवढे भांडलो तेवढे स्लॅबवरूनही नसू. मी विचारलं, एकच रेकॉर्डिंग ‘मिठागर’मध्येही दिसतं आणि ‘बाया’मध्येही, म्हणजे दोन प्रती कशाला? तू म्हणालास, प्रत एकच आहे, दुसरी लिंक. तुमच्या ग्रंथालयातलं कार्ड असतं ना, पुस्तक अमुक कपाटात आहे सांगणारं, तसं. मी म्हटलं, आमचं कार्ड कार्डासारखं दिसतं. ते स्वतःला पुस्तक म्हणवत नाही. तुझं कार्ड पुस्तकाचंच नाव लावतं, पुस्तकासारखं उघडतं, आणि पुस्तक तिथे नसतंच. ज्याला स्वतःचं वजन नाही आणि मान मात्र पूर्ण घेतो, असल्या प्रकाराला आमच्याकडे अध्यक्ष म्हणतात. तू इतका हसलास की तुला ठसका लागला. पण माझा मुद्दा तू खोडला नाहीस, आणि मी तो सोडला नाही.

मग वादळ आलं. तुझी निम्मी कौलं वाडीत जाऊन पडली, माड आडवे झाले, अंगण भिजलं. तू डिस्क काढून तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलीस आणि आठ दिवस कुणाला त्या डब्याला हात लावू दिला नाहीस. वहिनींनी शेजारून तांदूळ आणले. माझ्या स्लॅबला टवका उडाला नव्हता. तेव्हा मी एक शब्द बोललो नाही, याची नोंद असावी. वीज आल्यावर माझ्या व्हरांड्यात बसून आपण एकेक फाइल लावून पाहिली. बारा नंबर लागला तेव्हा रेवदंड्याच्या खाडीत माणसांना पलीकडे नेणारी होडी चालवणारा तो म्हातारा हसला आणि तूही हसलास, कारण त्याचं हसू म्हणजे होडी खडकावर घासल्यासारखं. एकशे सहाच्या एकशे सहा वाचल्या. तू भिंतीवर हात आपटून म्हणालास, “पोचल्या सगळ्या!”

आणि त्यांना वादळातून तू वाचवलंस, पण माझ्यापासून वाचवता आलं नाही.

हे मी कुणाला कधी सांगितलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात तू लेकीकडे, प्राचीकडे, पुण्याला गेला होतास. मी दुपारी कपाट उघडून बसलो. जिकडे पाहावं तिकडे प्रत्येक गोष्ट दोनदोनदा. माझ्या विंडोजवर तुझी लिंक आणि मूळ फाइल यांत तसूभर फरक दिसत नव्हता. तुझं अंगण दोन्ही सारख्याच पाटावर वाढत होतं. तीस वर्षं मी दर मार्चमध्ये ग्रंथालयातल्या जादा प्रती बाद केल्या आहेत. हात शिवशिवले. नावं जुळवली, दोनातली एक ठेवली, दुसरी पुसली. दोन तास लागले. फार समाधान वाटलं. तू आल्यावर तुला ऐटीत सांगितलं, आवरून ठेवलंय.

तू दोनचार फायली उघडून पाहिल्यास. मग म्हणालास, “सदा, जादा प्रत नव्हती ती.”

मी पुसल्या होत्या त्या मूळ प्रती. ठेवली होती ती कार्डं, आता कुठलंच पुस्तक न दाखवणारी. रेकॉर्डरची जुनी मेमरी कार्डं धुंडाळत तू महिनाभर बसलास. मी विचारायचो, तू म्हणायचास, होतंय. शेवटी एकदा म्हणालास, मिळालं सगळं. मी विश्वास ठेवला. तेवढ्या एकाच वेळी.

त्यानंतर तू दोन गोष्टी केल्यास. पहिली, माझ्या खात्याची किल्ली बदललीस. मला वाचायला मिळेल, पुसायला नाही. एका ग्रंथपालाला! आठ दिवस मी तुझ्याशी बोललो नाही, आणि रागाने पुढे त्या कपाटात फारसा उतरलोही नाही. दुसरी गोष्ट, एक काळी पेटी आणून माझ्या माळ्यावर, इन्व्हर्टरच्या शेजारी ठेवलीस. तारेला जोर मिळतो, म्हणालास. हात लावू नकोस, झटकू नकोस, बंद करू नकोस. तिच्यावर हिरवा दिवा होता. तो डोळ्यांवर येतो म्हणून मी पुढे एक कॅलेंडर टांगलं. त्या कॅलेंडरवरचं वर्ष संपलं, कॅलेंडर राहिलं.

गेल्या पावसाळ्यात खाऱ्या हवेने तुझं अंगण कायमचं बंद पडलं. प्राचीने तिचा जुना मॅक तुला दिला. तू म्हणालास, थांब, सगळं यावर नव्याने बसवतो, मग तुला परत तार जोडून देतो. मग तुझं पोट दुखायला लागलं. मग थर्मास, फाटकातली गाडी आणि एक हजार सदुसष्ट बाइट.

शोकसभेनंतर मी प्राचीला पुण्याला फोन केला. एक फाइल पाठवली. तिने पाच मिनिटांत सांगितलं, “काका, या लिंका आहेत. बाबांनी मॅकवर लिंकांचा फोल्डर केला होता, तोच उचलून पेनड्राइव्हवर टाकलाय. मॅक तिथे असल्या चिठ्ठ्या लिहितो, आणि विंडोजला त्या खऱ्या फायली वाटतात. मूळ सगळं पेटारा नावाच्या मशीनवर आहे.” मी विचारलं, पेटारा कुठे आहे? ती म्हणाली, ते मला कसं माहीत असणार, शनिवारी येते तेव्हा बघू.

शनिवारपर्यंत मला दम निघेना. तू मला चिठ्ठ्या दिल्यास आणि माल दुसऱ्याला, एवढंच डोक्यात. आईचा आवाज अध्यक्षांच्या ताब्यात, त्यांच्या पुढच्या वर्धापनदिनाला स्वागतगीतानंतर वाजणार, असं चित्र डोळ्यांसमोर. मी त्यांना फोन केला. “सगळं आमच्याकडे सुरक्षित आहे,” ते म्हणाले, “आपण निश्चिंत असा.” निश्चिंत असा म्हणणाऱ्याकडे मी नेहमीच लगेच जाऊन बघतो. गेलो.

अध्यक्ष नव्हते. कार्यालय सांभाळणाऱ्या बाई होत्या. तू बसवलेला संगणक टेबलावर होता, उद्घाटनाची रिबन अजून त्याच्या गळ्यात आणि कपाळावर कुंकू. मी विचारलं, चालतो का? बाई म्हणाल्या, “चालतो की. पण लावत न्हाय कोन. रिबन निगंल म्हनतात सायेब.” मी पेटाऱ्याबद्दल विचारलं. त्यांनी लोखंडी कपाट उघडून दाखवलं: शाली, श्रीफळं, तांब्याची पदकं, आणि छापून शिल्लक राहिलेले अध्यक्षांच्या षष्ट्यब्दीपूर्तीचे गौरवग्रंथ. मग स्वतःहूनच म्हणाल्या, “मोहनदादांना सायेबांनी इचारलं व्हतं, तुमचं ते आवाज हितं ठेवा. दादा म्हनाले, जागा हाय माज्याकडं, पक्क्या घरात. सायेबांना राग आला.”

पक्क्या घरात. तुझं घर कौलाचं. मग अलिबागेत तुझा आणखी कुणी मित्र होता का? त्याचं पक्कं घर होतं का? परत येताना रिक्षात मी तुझ्या ओळखीच्या सगळ्या माणसांची घरं डोळ्यांसमोर आणली आणि प्रत्येकावर थोडा थोडा संशय घेतला. माझं घर त्यात आलं नाही. संशय घेणाऱ्याचं स्वतःचं घर कधी यादीत येत नाही.

शनिवारी सकाळी प्राची आली. तुझ्या टेबलाशी बसून मॅक उघडला. पेटारा म्हणून नाव दिसलं, तिने दाबलं, आणि ते जोडलं गेलं. ती चमकली. “काका, हे चालू आहे. आणि जवळच आहे, याच तारेवर.” मी म्हटलं, “या तारेवर तुझे बाबा आणि मी, तिसरं कुणी नाही.” ती उठली आणि तुझ्या खिडकीतून बाहेर पडणाऱ्या तारेला धरून निघाली. मी मागून. सुमन वहिनीही पदर खोचून आल्या. पहिला माड, तुझी गाठ. दुसरा माड, तुझी गाठ. वादळात गेलेल्या माडाच्या जागी तू बांबू पुरला होतास, त्यालाही गाठ. कुंपण. फोफळी. माझी खिडकी.

“तुमच्या घरात जाते,” प्राची म्हणाली.

“तार माझ्याकडेच यायची,” मी म्हटलं. “वर एक पेटी आहे, तारेला जोर देणारी.”

“तारेला जोर कोण देतं, काका?”

स्टुलावर चढून तिने कॅलेंडर काढलं. हिरवा दिवा चालू होता. तिने पेटी उचलून तिच्या पोटाखाली पाहिलं आणि मला दाखवलं. पांढरी चिकटपट्टी, तुझं लाइनमनचं ठसठशीत अक्षर: ‘पेटारा. मूळ प्रती. सदाच्या हाती लागू देऊ नये.’

वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदा. मग रडल्या. मी स्टूल धरून उभा होतो, त्यामुळे मला दोन्हींपैकी काही करता आलं नाही.

म्हणजे असं झालं होतं. त्या उन्हाळ्यानंतर तुझ्याकडे काहीच नव्हतं. तुझ्या अंगणात, तुझ्या मॅकवर, तू मला दिलेल्या पेनड्राइव्हवर, सगळीकडे चिठ्ठ्या. खरा माल पाच वर्षं माझ्याच डोक्यावर, माझ्याच विजेवर, मी टाकीसारखं बांधलेल्या घरात. माझ्यापासून लपवायला तू माझंच घर निवडलंस, कारण मी माझ्या माळ्यावर शोधणार नाही हे तुला पक्कं ठाऊक होतं. आणि हॉस्पिटलात जाताना घाईत तू नव्या यंत्रावर तीच चूक केलीस जिच्याबद्दल मला समजावून समजावून भांडला होतास: पुस्तक समजून कार्डं उचललीस. तू असतास तर हे मी तुला जन्मभर ऐकवलं असतं.

प्राचीने एकेचाळीस लावली. आधी तुझा घसा खाकरण्याचा आवाज. मग तू विचारतोस, मावशी, उधाणाचं पाणी बांधावरून आत आलं तर काय करायचं? आणि माझी आई, “काय कराचा? पानी काय इचारून येतंय? येतंय नं जातंय. आपून बांद बगाचा.” मग ती विषय सोडून तुलाच विचारते, माझ्या पोराच्या घराला का हसतोस. तू काहीतरी पुटपुटतोस. ती म्हणते, “हस. कवलं उडाली का मंग येशील आमच्याच घरान.” हे मी विसरलो होतो. तू विसरला नव्हतास. स्लॅबचं तू तोंडाने कबूल केलं नाहीस, पण मी धरून चालतो.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण तपासून बघतो म्हणालो होतो. पेटाऱ्यात तू केलेली यादी होती: नंबर, नाव, गाव, शेरा. बारा नंबरवर आलो. शेऱ्यात लिहिलं होतं, ‘वादळात गेली.’ एकोणतीस, म्हसळ्याच्या बाजूची भात झोडणारी ती बाई. तिथेही, ‘वादळात गेली.’

मोहन, वादळानंतर तो होडीवाला म्हातारा माझ्या व्हरांड्यात हसला होता. तू माझ्या शेजारी होतास. वादळाने एकही नेली नव्हती. त्या दोन मी नेल्या, एका उन्हाळी दुपारी, फार समाधानाने. दोन्ही माणसं तोवर वारली होती, पुन्हा जाऊन विचारता येणार नव्हतं. तू मला सांगितलंस, मिळालं सगळं. आणि यादीत, जिथे पुढे कुणी तरी कधी तरी बघणार, तिथे माझ्याऐवजी वाऱ्याचं नाव घातलंस. तुझ्या चिठ्ठ्या खोट्या असतात असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलो. सगळ्या खऱ्या निघाल्या. खोटी तेवढी ही एक, आणि ती माझ्यासाठी.

प्राचीने पुण्यासाठी एक प्रत करून घेतली. खरी, वजनाची, तिने माझ्यासमोर मोजून दाखवली. जाताना विचारलं, “काका, तुम्हाला पेटाऱ्यात बदल करायची परवानगी देऊ?” देऊ म्हणताना तिची नजर त्या चिकटपट्टीकडे गेली, हे मी पाहिलं. मी म्हटलं, यादीपुरती दे. आवाजांना नको.

काल सकाळी तेवढं काम केलं. बारासमोर आणि एकोणतीससमोर ‘वादळात गेली’ खोडून ‘सदाशिवच्या हातून पुसली गेली’ असं लिहिलं. पेटी होती तिथे ठेवली, कॅलेंडर पुन्हा टांगलं.

तपासून बघितलं, मोहन. दोन सोडून सगळं आहे.